वास गड्ड्यांचाच

थोरल्या नातीचं लग्न झालं आणि आजी-आजोबा दोघंही जाऊ शकले नाहीत, त्या वर्षीच्या फेब्रुवारीत हा गड्डा – मुठीएवढा, तपकिरी, डोक्यावर गुलाबी डोळा – सेइहाचीच्या अंगठ्याखाली घट्ट लागला. त्याने तो बुडाशी दाबला, डोळ्याभोवती दाबला. घट्टच. मग अंडं ठेवावं तसा बाजूला ठेवला. कोन्याकूचा, म्हणजे इकडच्या सुरणाचा, गड्डा आपटला तर त्या दिवशी काही बोलत नाही. महिन्याने आतून सडतो, आणि शेजारच्यांनाही सोबत नेतो.

त्याने पुढचा उचलला.

वास होताच. बर्फाने रस्ता बंद झाला तेव्हापासून होता... फुलदाणीतलं पाणी बरेच दिवस बदललं नाही तर येतो तसा, गोडसर. शेगडीजवळ जास्त, दाराशी कमी. शेगडीच्या एका बाजूला गड्ड्यांच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला बायकोची, तोमेनोची, गादी. या डोंगरात असंच असतं. कोन्याकूला गारठा सोसत नाही, म्हणून शेतातून काढलेलं बियाणं हिवाळाभर माणसांच्या खोलीत झोपतं. तोमेनो लग्न होऊन आली त्या थंडीत त्याच्या आईने तिला सांगितलं होतं – रात्री कुडकुडायचंच असेल तर तू कुडकुड, ते नाही.

"अहो, किती चाचपाल त्यांना?" गादीतून आवाज आला. गेल्या सुगीत गड्डे काढताना ती बांधावरून पडली, तेव्हापासून उताणी होती.

"एखादा सडलाय."

"मला इतकं कुरवाळलं असतंत तर घर पोरांनी भरलं असतं."

"तू चावायचीस."

ती हसली, मग हसणं मध्येच थांबलं – पाठ हलली असावी. त्याने तिकडे पाहिलं नाही. परवा तिची पाठ पुसली तेव्हाही त्याने पाहिलं नव्हतं, खिडकीकडे तोंड करून नुसता हात फिरवला होता. आणि फडक्यावर जे आलं ते चहाचं असेल, ती झोपूनच तर चहा पिते, सांडतो... फडकं त्याने ओढ्यावर नेऊन धुतलं होतं. घरात पाणी असताना. बोटं बधिर होईपर्यंत.

आज रस्ता उघडला होता, म्हणजे नर्स येणार. पाठीला जखम झाली तर घरी ठेवता येणार नाही, खाली दवाखान्यात न्यावं लागेल, हे तिने आधीच सांगितलं होतं. वरच्या घरच्या इसोबेची बायको तशीच गेली होती, गाडीत बसताना हात हलवत, आणि आली ती राखेच्या डब्यात. त्या दिवशी मुळा किसता किसता तोमेनो म्हणाली होती, "मला इथून हलवायचं नाही, सांगून ठेवते." तो "हं" म्हणाला होता. एवढंच. पण हं म्हणजे हं.

शेवटची टोपली. घट्ट. घट्ट. एक तरी मऊ निघू दे, एवढंच मागतोय मी – आयुष्यभर या दिवसांत उलटं मागत आलो... वास गड्ड्याचा असता तर आधी बोटांना कळलं असतं, नाकाला नाही. शेवटचा गड्डा हातात आला, टोपलीतला सगळ्यात देखणा. घट्ट होता. खाली गाडीचा आवाज आला. सेइहाचीने अंगठ्याचं नख गड्ड्याच्या कुशीत घातलं आणि आत, ओलं लागेपर्यंत, दाबलं.

"आजोबा, वास कसला येतोय?" नर्सने आत आल्या आल्या विचारलं.

"गड्डा सडलाय." त्याने हात पुढे केला. "हा."

तिने नाक मुरडलं. शहरातली पोरगी, तिला काय कळणार होतं. "टाकून द्या मग. आजी, जरा कुशीवर होता? पाठ बघू."

"परवाच यांनी पुसलीय," तोमेनो म्हणाली. "आज थंडी फार आहे गं, पुढच्या खेपेला बघ. आणि नाक काय मुरडतेस? या वासावर आम्ही पोरं शिकवली."

नर्स घुटमळली, तिने घड्याळ पाहिलं, नाडी पाहिली, आणखी दोन घरं वर होती. पुढच्या खेपेला नक्की, म्हणाली.

गाडी गेल्यावर तोमेनोने दुलईतून हात काढला. "बघू, कुठला सडला."

त्याने दिला. तिचा अंगठा गड्ड्यावरून फिरू लागला, बुडाशी, डोळ्याभोवती, त्याच्याच क्रमाने. दोघांनाही शिकवलं होतं ते त्याच्या आईनेच. कुशीपाशी अंगठा थांबला. नखाच्या खाचेत बसला. ती छताकडे पाहत राहिली.

"हा बाहेर टाकू नका," ती म्हणाली. गड्डा तिने दुलईत, पोटाशी घेतला.

सेइहाचीच्या नखाखाली रसाची खाज सुटली होती. धुतली तर जाईल. तो उठला नाही. टोपल्यांवर त्याने पोती ओढली, आणि त्या दिवशी प्रथमच गादीच्या बाजूला सरकून बसला, जिथे वास जास्त होता. आता शोधायचं काही राहिलं नव्हतं... खाज मनगटापर्यंत चढली, त्याने चढू दिली.

तोमेनो त्याच वर्षी सहा एप्रिलला सकाळी, गड्डे शेतात लावायच्या आधी, त्याच खोलीत वारली.