साठावी खुर्ची

“अहो, ही काय वरात आणलीत?” मी दारातूनच ओरडले. आमचे हे डोक्यावर खुर्ची घेऊन उभे! नाकावरून घाम ओघळतोय, पण माणूस तोंड उघडेल तर शपथ.

हे सुतार. विधानसभेचे आमदार वाढून साठ होणार, म्हणून नव्या सभागृहाच्या खुर्च्या यांच्याकडे आल्या. वाढीव जागांत नदीपलीकडच्या आमच्या वस्तीला पहिल्यांदाच स्वतःची जागा मिळणार होती, आणि ती मी लढवणार होते. मी दवाखान्यात नर्स. वस्तीतली निम्मी पोरं माझ्याच हातांवर जन्मली. पुलासाठी शहरातल्या आमदाराकडे खेटे घालून चपला झिजल्या, तेव्हा म्हटलं, आता आपणच बसावं.

या निवडणुकीचं मतदान हात वर करून घ्यायचं की चिठ्ठीने, यावरही नियम ठरवणाऱ्या समितीत घोळ चालला होता. धाकटी जाऊ कानाशी लागून म्हणाली होती, “चिठ्ठीच हवी हो, ताई. हात वर केला तर घरी कोण ऐकून घेणार?” तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, त्या शहरातल्या आमदाराचे खंदे कार्यकर्ते!

“अहो, बोला की!”

“एक जागा कापली.” यांनी खुर्ची खाली ठेवली. “सभागृहात तीस-तीस मतं पडली तर गाडं अडेल म्हणे. म्हणून एकोणसाठ.”

“मग नेमकी आपलीच?”

“सगळ्यात लहान वस्ती. शहराच्या जागेला जोडली. सभागृहाचे साहेब म्हणाले, खुर्ची जळणात टाका. मी म्हटलं, घरी नेतो.” यांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. “तुझ्या मापाची केली होती गं. जराशी बुटकी.”

मला रडूच आलं. चारचौघांत कधी माझं कौतुक न केलेला हा माणूस!

बातमी कळताच वस्ती दारात जमली. यांनी खुर्ची सगळ्यांसमोर मांडली. “जागा गेली, पूल तर हवाच ना? आपल्या वतीने हिने भांडावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.”

भाऊजी पुढेच उभे, एकेकाकडे डोळे वटारून. सगळे खाली बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागून एक हात वर आला. कणीक मळता मळता तशीच उठून आलेली जाऊ. भाऊजी वळून बघत राहिले. तिने हात खाली घेतला नाही. मग तिच्या शेजारणीचा हात आला, मग आणखी दोघींचा.

मी डोळे पुसले आणि खुर्चीत बसले. पाय बरोब्बर जमिनीला टेकले.