वामनरावांच्या काळ्या मिशा

मदतनीस अपेक्षाने खुर्चीवरची उशी ओढली आणि ती घेऊन जेवणाच्या टेबलाखाली शिरली. लखीराम टेबलाच्या पायावर डोकं आपटत होता. तिने उशी मध्ये धरली. पुढचे दणके उशीवर बसले.

"वामनराव गेले!" चाळिशीच्या लखीरामने हंबरडा फोडला.

"कुठी गेले? हा काय उभा मी!" वरून वामनराव ओरडले.

आवाज तोच होता, पण पांढऱ्याशुभ्र मिशा आणि केस एका रात्रीत कलपाने कोळशासारखे काळे झाले होते. दारव्ह्यातल्या या दिव्यांगांच्या कार्यशाळेला आज संस्थेचे नवे अध्यक्ष भेट देणार होते, आणि व्यवस्थापक वामनरावांनी तयारीत कसर ठेवली नव्हती. लखीरामला माणूस ओळखायलाच महिने लागत. ओळखीचा माणूस असा अचानक बदललेला त्याला सोसेना.

"ओढा त्याले बाहेर. पाहुणे पोचून राह्यले."

"हात नका लावू, सर," अपेक्षा म्हणाली. "घाबरला तो. ओढलं तर आणखी लागीन त्याले."

स्वयंपाकीण मोतीबाईने कणकेच्या हातानेच तोड सुचवली. "सांगून टाक ना, वामनराव यवतमाळले गेलते, उद्या येतीन. अन् हे नवीन साहेब आहे म्हण."

वामनरावांना हे पटल्यासारखं दिसलं.

"अन् उद्या कोण येईन?" अपेक्षा म्हणाली. "मी त्याच्याशी खोटं नाही बोलत. सर, तुम्हीच खाली या."

"मी? या कपड्यांत?"

"कपड्यांसकट."

कडक इस्त्रीचा सफारी, गुडघ्यांची कुरकुर आणि वामनराव, तिघेही कसेबसे टेबलाखाली आले. येताना टाळू टेबलाला आपटली.

"अगागागा!"

लखीराम रडायचा थांबला. त्याने सावकाश बोट पुढे केलं आणि मिशीवरून फिरवलं. घामाने सुटलेला रंग बोटाला लागला.

"वामनराव?"

"हो रे बाप्पा, मीच."

"कायले काळ्या केल्या?"

वामनरावांनी अपेक्षाकडे पाहिलं. तिने लखीरामकडे बोट केलं.

"नवीन अध्यक्ष तरुण आहे," ते अखेर म्हणाले. "म्हातारा दिसलो तर म्हणतीन, लय झालं, आता घरी बसा. घरी कोणी नाही रे, लखीराम."

लखीरामने आपल्या सदऱ्याचं टोक धरून त्यांच्या गालावर ओघळलेला रंग पुसायला घेतला. वामनरावांनी डोळे मिटले. पुसू दिलं.

दाराशी बूट वाजले. दोन पाय टेबलापाशी येऊन थबकले.

"काय झालं? कोणाला त्रास होतोय का?"

अपेक्षाने टेबलाखालून डोकं बाहेर काढलं. नवे अध्यक्ष हातातला पुष्पगुच्छ सावरत वाकले होते.

"हो, दोघांना," ती म्हणाली. "दहा मिनिटं बाहेर बसाल का, साहेब? मोतीबाई चहा देतीन."