हेल्मेटची कडी

हेल्मेटची कडी लावताना म्हातारीचा अंगठा दोनदा घसरतो. पहिल्यांदा कडीच्या अलीकडेच, दुसऱ्यांदा कडीवरून. मग ती अंगठ्याचा नाद सोडते, तर्जनी वाकवून पेराने कडी आत ढकलते आणि कुणाकडे न बघता म्हणते, "चला." यानातली ही सर्वांत जुनी यंत्रज्ञ गळती बुजवायला बाहेर निघाली आहे आणि परत येणार नाही, हे त्या अंगठ्यावरून कळतं.

आज डबिंगच्या खोलीतल्या पडद्यावर मात्र तो अंगठा नव्हता. एक तरुण, तुकतुकीत हात आला, कडी एका झटक्यात खट्कन बसली आणि लगेच यानाच्या टाकीने पेट घेतला. आग संपता संपेना.

"हे कुणी बदललं?" ताईंनी विचारलं. त्या या अंतराळमालिकेच्या संकलक. सगळं युनिट त्यांना ताई म्हणे.

"मीच. काल तुम्ही घरी गेल्यावर करून घेतलं," दिग्दर्शक म्हणाला. "रागावू नका ताई. म्हातारीचा अंगठा बघत कोण बसणार? लोक चॅनल बदलतात."

"आगीला माझी हरकत कधी होती? मीच लावली होती ना, कडीनंतर? आग कुणाला लागतेय ते आधी दिसू दे, एवढंच म्हणत होते."

"हो, पण जागा कुठंय? आग वाढवायची तर काहीतरी जाणारच."

मालिका सुरू झाल्यापासून जे गेलं होतं, ते ताईंना तोंडपाठ होतं. यानातल्या डॉक्टरने मुलाला पाठवलेला निरोप गेला, तिथे पाठलाग आला. दोन खलाशांचं पाण्याच्या वाटपावरून झालेलं भांडण गेलं, तिथे आणखी एक पाठलाग. घरी सासूबाई दर आठवड्याला मालिका बघत आणि विचारत, "तुमच्या त्या यानात कुणी जेवतबिवत नाही का गं? नुसते पळतात आपले!" हे काम सोडायचं, असं ताई दर वेळी घरी सांगत. या भागानंतर नक्की. हल्ली सासूबाई पानं वाढताना हसून विचारत, "काय, आलं का तुझं 'या भागानंतर'?"

दार ढकलून मावशी आत आल्या. यंत्रज्ञ म्हातारीचं काम त्याच करत. आजचं डबिंग झालं की त्यांचं या मालिकेतलं काम संपणार होतं. हातात चहाचा कप होता आणि अंगावर ठेवणीतली साडी.

"शेवटचा दिवस, म्हटलं जरा नीट यावं," त्या म्हणाल्या. "दाखवा बघू, कशी मेले ते."

दिग्दर्शकाने प्रसंग लावला. मावशी पुढे सरकून बघत राहिल्या. आग विझल्यावर म्हणाल्या, "छान पेटलंय. पण हा हात कुणाचा रे बाबा?"

"स्टंटवालीचा. मावशी, खरं सांगू का, तुमचा हात थरथरत होता. वय झालं की व्हायचंच. पण पडद्यावर तुम्हालाच बरं वाटलं नसतं."

मावशींनी कप असलेला हात त्याच्यासमोर सरळ धरला. कप काठोकाठ भरलेला होता. चहावर साधा तरंगही उठला नाही.

"थरथरत नव्हता, मी थरथरवत होते," त्या म्हणाल्या. "आमचे हे शेवटी शेवटी शर्टाचं बटण असंच लावायचे. मी पुढे झाले की म्हणायचे, राहू दे, जमतंय. त्यांचा अंगठा उचललाय मी. महिनाभर आरशासमोर बसवला."

ताई ओशाळल्या. तो तुकडा त्यांनी किती वेळा पुढे-मागे करून पाहिला होता, आणि त्यांनाही तो वयाचाच वाटला होता.

"ग्रेट, मावशी! मानलं," दिग्दर्शक म्हणाला. "आता पटकन एक किंचाळी देऊन टाका. आगीवर टाकायचीय."

"किंचाळी? ती बाई कशाला किंचाळेल? तिला ठाऊक असतं ना."

"अहो, प्रेक्षकाला काहीतरी नको का? एकच द्या, जोरात."

मावशींनी ताईंकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला, पदर खोचला आणि काचेपलीकडच्या खोलीत जाऊन हेडफोन चढवले. आयुष्यभर सांगितलेलं काम निमूटपणे केलेली बाई. माइकसमोर त्या ताठ उभ्या राहिल्या. पडद्यावर पुन्हा तो परका हात आला. मावशींनी श्वास भरून घेतला.

ताईंनी पलीकडच्या खोलीतल्या स्पीकरवर बोलायचं बटण दाबलं. "मावशी, हेडफोन काढा. ओरडू नका."

"ताई, हे काय चाललंय?" दिग्दर्शक उठून उभा राहिला. "रात्री भाग जायचाय! हे सगळं नंतर बोलू. या भागानंतर."

बटणावरचं बोट ताईंनी उचललं नाही. काचेपलीकडेही ऐकू जायला हवं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "श्रेयनामावलीतून माझं नाव काढा. मी हे काम सोडतेय. या भागाच्या आधी."