शेगडी आणि सुराही

"गेले, हिचे डोळे गेले!"

दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आमच्या अंगणात बायकांची गर्दी उसळली. खाटेखाली रसरसलेली शेगडी, खाटेवर मी, वीस दिवसांची बाळंतीण. जाऊबाई उषाताईंच्या कडेवरची माझी मुलगी मला नुसता पांढरा धब्बा दिसत होती.

"बोल, कौन है तू?" हडळ उतरवायला बोलावलेले सुराहीवाले बाबा गरजले.

मी गप्प.

"देखा? मुकी हडळ. सबसे जिद्दी!"

मग शेगडी सरकवून त्यांनी सुराहीतलं गार तीर्थ माझ्या अंगावर ओतलं. घटकाभरात डोळ्यांपुढचं धुकं विरलं, लुळे पडलेले पाय हलले. बायकांनी हात जोडले.

"उतारा लागू पडला हो," सासूबाई रडल्या.

"अजून पूर्ण उतरली नाही. लेकराच्या वाटेने आली आहे. लेकरू आईच्या अंगाला लावू नका," बाबांनी बजावलं.

त्या दिवसापासून मुलगी पलीकडच्या खोलीत रडायची आणि इकडे माझी चोळी भिजायची.

दुखणं लेकराबरोबर आलं नव्हतं. कॉलेजात असताना डावा डोळा महिनाभर अंधारून आपोआप उजळला होता. लग्नानंतर पाय जड झाले, तेही सुधारले. पोटुशी असताना तर मी जिना धावत चढत होते. जनाना इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "मज्जातंतूंचा आजार आहे हा. कधी उतार, कधी चढ. माझ्याकडच्या दोघी रोगिणींना गरोदरपणी बरं वाटलं, बाळंतपणानंतर उलटलं. का, ते मलाही ठाऊक नाही. औषधही नाही."

पडल्यापडल्या मी बघत राहिले. डोळे जायचे ते शेगडीनंतरच. एक दिवस कोळसे ओले निघाले, तर त्या दिवशी हडळही आली नाही.

उषाताईंना सांगितलं. "काहीतरीच तुझं!" म्हणून त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शेगडी, पुन्हा धुकं. बाबांनी सुराही ओतली. "भाग, चुडैल, भाग!"

धुकं तसंच. पाय लाकडासारखे. बाबा दोनदा ओरडले, तिसऱ्यांदा घसा बसला. "आज अमावस का असर है..."

"अमावस्या परवा झाली, महाराज," उषाताई म्हणाल्या. त्यांनी विहिरीतून बादली ओढली आणि माझ्यावर उपडी केली. मग दुसरी, मग तिसरी. मग त्यांनी अंगणातल्या तुळशीकडे बोट दाखवलं.

"तुळशीला मंजिऱ्या किती?"

बऱ्याच वेळाने धुकं विरलं नि मी म्हणाले, "तीन."

"बाबा इथेच ठेवून जातात ती सुराही आज सकाळपासून मीच उन्हात ठेवली होती," उषाताई म्हणाल्या. "तीर्थ तेच, मंत्र तोच. गारवा गेला नि करामत गेली."

बाबा सुराही तिथेच टाकून गेले. सासूबाईंनी शेगडीवर पाणी ओतलं आणि मुलगी माझ्या कुशीत दिली.

ती तोंडाने शोधत राहिली. दूध आटलं होतं. डाव्या हाताला तिची ऊब कळेना, म्हणून मी तिला उजव्या हातावर घेतलं.

आजार गेलेला नाही, पुन्हा येईल. उन्हाने, शेकाने तो वाढतो, गारव्याने दबतो, एवढंच मला समजलं आहे. पण बायांनो, एखाद्या बाळंतिणीचे पाय लुळे पडले तर तिला नाव विचारू नका. ते तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टरला बोलवा. आणि तिचं मूल तिच्याजवळच राहू द्या.