मुलगी ऑल्टर करून घेऊ

मास्तरीणबाई शाळेत दुसरीच्या पुढे सरकल्या नव्हत्या. पण कपडे शिवणाऱ्या नवऱ्याला सगळे मास्तर म्हणायचे आणि तो गेल्यावर दुकान, कात्री आणि पदवी बाईंकडेच आली. इंग्रजीतलं एकच क्रियापद त्यांना पक्कं यायचं: ऑल्टर. गिऱ्हाइकं दिवसभर तोच जप करत. पोट सुटलंय, ऑल्टर करा. बहिणीचा झगा ढापलाय, ऑल्टर करा. एक महाभाग तर छत्री घेऊन आला होता.

त्या दिवशी होणाऱ्या विहीणबाई चिरंजीवांना कोटाच्या मापासाठी घेऊन आल्या. नातीचं हे लग्न जमावं म्हणून बाईंनीच जंग जंग पछाडलं होतं, गल्लीभर मिरवूनही झालं होतं. शिवाय तिलाही मुलगा मनापासून आवडला होता. म्हणून बाईंनी सकाळपासून जिभेला कुलूप घातलं होतं.

"मुलगी गुणी आहे हो," विहीणबाई टेकल्या टेकल्या म्हणाल्या. "थोडी ऑल्टर करून घेऊ, की झालं."

बाईंच्या हातातली टेप थांबली. "कुठे कुठे?"

"ते रुग्णवाहिका चालवणं. आमच्याकडे बायका गाडीत मागे बसतात."

"रुग्णवाहिकेत मागे पेशंट झोपतो."

"तेच ते. आणि आवाज केवढा तिचा!"

"सायरनच्या वर बोलावं लागतं तिला."

"नोकरी सुटली की आपोआप उतरेल. मैत्रिणी जरा कमी केल्या की अगदी फिट्ट!"

बाईंनी मुकाट्यानं चिरंजीवांच्या पोटाला टेप लावली. पोट आत, छाती वर, चेहरा जांभळा. "श्वास सोडा हो," बाई म्हणाल्या.

"नको नको," विहीणबाई. "कोट असाच बेताचा शिवा. तो बारीक होणार आहे."

"कधी?"

"मी सांगितलंय त्याला."

बाईंच्या कुलपाची किल्ली तिथेच फिरली. "विहीणबाई, तुम्ही म्हणता ते ऑल्टर म्हणजे नुसतं आवळणं. ते कुणालाही जमतं. पण उद्या सैल करायची वेळ आली, तर शिवणीच्या आत जादा कापड राखलेलं लागतं. आम्ही त्याला माया म्हणतो. तुमच्याकडे आहे का?"

"माया ना? अहो, पोटच्या पोरीसारखी वागवू!"

"पोटच्या पोराला तर श्वास सोडू देत नाही तुम्ही."

विहीणबाईंनी पदर सावरला. बाई चिरंजीवांकडे वळल्या. "जावईबापू, तुमचं काय म्हणणं? तिनं गाडी सोडावी?"

चिरंजीवांनी आईकडे पाहिलं. "आई म्हणेल तसं," ते म्हणाले, तेही श्वास न सोडता.

संध्याकाळी नात ड्यूटीवरून आली. बाईंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिखटमीठ न लावता सांगण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, त्यामुळे फार लवकर आटपलं.

"मग तू मोडून टाकलंस?" नातीनं घाबरून विचारलं.

"छे! मी कोण मोडणार? लग्न तुझं. तूच विचार त्याला."

नातीनं कापड बेतायच्या टेबलावर फोन ठेवला, स्पीकर लावला. "मी गाडी सोडावी, असं तुला वाटतं?"

"तसं नाही गं… आपण ॲडजस्ट करू ना काहीतरी."

"आपण म्हणजे कोण?"

पलीकडे कुजबुज झाली. कुणीतरी काहीतरी पढवलं. मग आवाज आला, "म्हणजे… तू."

"मग नकोच हे लग्न," म्हणत नातीनं फोन बंद केला आणि ती हमसून हमसून रडली. बाईंनी तिला मोकळेपणी रडू दिलं, तोंड धुवायला लावलं, पुढ्यात ताट ठेवलं.

मग त्या स्वतः दुकानाच्या पायरीवर जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्या खिडकीत दोन शेजारणी कान टवकारून बसल्याच होत्या.

"मोडलं," बाई गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "आमच्या बाजूनं मोडलं. काय विचारायचं ते मला विचारा. पोरगी जेवतेय."