निळ्या दाराआधीची घरं

रोसिलीने डबीत कापसाचा बोळा दाबला, झाकण घट्ट लावलं आणि डबी कानाशी धरून हलवली. आवाज आला नाही. डबीवर कॅल्शियमचं लेबल होतं. आतल्या गोळ्या कॅल्शियमच्या नव्हत्या.

"कापूस कशाला?" आतिराने विचारलं.

"होडी हलते. ब्लड प्रेशर बघायला आलेल्या बाईच्या पिशवीत गोळ्या खुळखुळल्या की लोक मान वर करतात."

आतिरा हसली. ती आरोग्य केंद्रात नवी होती. सोमवारपासून बांधावरची घरं तिच्याकडे जाणार होती आणि रोसिली वर डोंगरात, चहाच्या मळ्यांच्या गावी बदलीवर. आजची फेरी दोघींनी मिळून करायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"तुम्ही उगाच घाबरता, सिस्टर." आतिराने हातातला टॅब्लेट पुढे केला. "हे बघा. यात तिचं नावसुद्धा नाही, नुसता नंबर आहे. उघडायला माझं बोट लागतं. हा हरवला तरी कुणाला काही कळणार नाही."

"नंबर होडीतून उतरत नाही, मोळे. उतरतेस तू," रोसिली लेकीला हाक मारावी तशी म्हणाली.

हा नंबर म्हणजे निळ्या दाराच्या घरातली विजयम्मा. तिला एचआयव्ही होता. नवऱ्याकडून आला, नवरा गेला, आजार राहिला. वर्षातून दोनदा ती तपासणीला लांबच्या इस्पितळात जायची, आणि दर महिन्याच्या गोळ्या रोसिली पोचवायची. विजयम्मा स्वयंपाक करून जगत होती. मळणीवरची माणसं, पंपघरातले दोघे, होडीवाले, सगळ्यांना तिच्या हातचा भात आणि माशाचं कालवण केळीच्या पानात बांधून जायचं. अन्नातून हा आजार पसरत नाही, हे रोसिली वर्षानुवर्षं सभांमधून सांगत आली होती. लोक मान डोलवायचे. पलीकडच्या गावात एका शिंप्याचं नाव फुटलं, तेव्हा हेच मान डोलवणारे त्याने शिवलेले सदरे परत करून आले होते.

"म्हणून तुम्ही नऊच्या नऊ घरांत जाता," आतिरा म्हणाली.

"बांधावर घरं एका ओळीत आहेत. समोर पाणी, मागे शेत. होडी कुठल्या घाटाला टेकली ते सगळ्यांना दिसतं. एकाच घाटाला टेकली, तर महिन्याभरात विचारतील. सगळ्या घाटांना टेकली, तर कोण काय विचारणार? सगळीकडे तेवढाच वेळ थांबायचं. कुठे बसायचं नाही, कुठे काही खायचं नाही. विजयम्मा दर वेळी जेवून जा म्हणते. मी म्हणते, पोट भरलंय."

"पण नऊपैकी आठ घरं धडधाकट. त्यांचं ब्लड प्रेशर घेऊन कुणाचं भलं होतं?"

"नवव्याचं."

 आतिराने मुकाट टॅब्लेट पिशवीत सरकवला. ऐकून घ्यायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं, असं ठरवलेल्या माणसाची ती शांतता होती. रोसिलीला ती ओळखता आली, कारण एके काळी तिच्याकडेही तशीच होती.

पाण्यावर धुकं होतं. होडीवाल्या कुट्टप्पनने लांब बांबू तळाला रोवला, आणि होडी आवाज न करता निघाली. केंद्राचं पांढरं छप्पर मागे विरघळत गेलं. थोड्या वेळाने उजव्या हाताला बांध दिसू लागला, आणि त्याच्यापलीकडे, पाण्याच्या पातळीच्या खाली, भातशेत. इथे शेत खाली आणि पाणी वर. होडीतून बघताना शेतातल्या बायकांची डोकी आपल्या पायांच्याही खाली चालताना दिसायची. रोसिलीला पहिल्या वर्षी हे बघून गरगरल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. तरी अशा धुक्याच्या सकाळी अजूनही वाटायचं, की आपण पाण्यावरून जात नाही आहोत, कुणीतरी झोपेत आपल्याला आठवत आहे.

बदकं पुढून आली, होडीला वाट देऊन पुन्हा एक झाली. त्यांच्यामागून त्यांच्या मालकाची हाक आली, मालक मात्र दिसला नाही.

"चेट्टा," आतिरा अचानक कुट्टप्पनला म्हणाली, "आज मला पुढच्या बेटावरही जायचंय. निळ्या दाराच्या घाटाला थेट घ्या. बाकीची घरं वेळ उरला तर करू."

रोसिलीचा हात पिशवीच्या बंदावर घट्ट झाला. कुट्टप्पनसमोर तिला काही बोलता येईना. निळ्या दाराचं नाव आतिराने उघड्यावर, पाण्यावर टाकलं होतं, आणि पाण्यावर आवाज लांब जातो.

कुट्टप्पनने बांबू वर काढला. तो आडवा धरून तो क्षणभर तसाच उभा राहिला. थेंब गळत राहिले.

"तिकडे पाणी कमी आहे," तो म्हणाला. "थेट जाता येत नाही. पहिल्या घाटापासून कडेकडेने जावं लागतं."

रोसिलीने बांधाकडे पाहिलं. पाणी घाटांच्या सगळ्यात वरच्या पायरीला लागलेलं होतं. एवढं भरलेलं पाणी तिने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

 होडी पहिल्या घाटाकडे वळली.

कार्त्यायनी अम्मा पायरीवर उभी होती. पांढरं मुंडू, खांद्यावर पंचा, आणि चोळीची बाही कोपराच्या वर सरकवलेली. हात पुढे. धुक्यात आधी तो हातच दिसला.

"ही नवी का?" ती म्हणाली. "बारीक आहे गं. माझा हात धरता येईल ना हिला?"

"येईल, अम्मा," रोसिली म्हणाली. "आजपासून हीच. मी होडीतच बसते."

आतिरा ओठ मिटून उतरली. पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला.

"एकशेवीस, ऐंशी. तुम्हाला काहीच नाही, अम्मा. दर महिन्याला बघायची गरज नाही."

"म्हणजे काही असल्याशिवाय बघायचं नाही? लग्नाआधी नवऱ्यालाही असंच, काही नसताना तपासून बघितलं असतं, तर चाळीस वर्षं वाचली असती माझी."

"तसं नाही, पण माझ्याकडे कामं—"

"कामं सगळ्यांनाच आहेत. हे बघ मोळे, या बांधावर सिस्टर इथून सुरू करते. माझ्यापासून. नंतर शेजारी, नंतर त्याच्या शेजारी. मला टाकून कुणी पुढे गेलं, तर माझं डोकं दुखतं. मग मी दिवसभर घाटावर बसून ओरडते. रोसिली सिस्टरला विचार."

कार्त्यायनी अम्माने रोसिलीकडे पाहिलं. पाहणं तसं साधंच होतं, पण ते जरा जास्त वेळ टिकलं.

रोसिलीला पहिला महिना आठवला. तेव्हा हीच म्हातारी याच पायरीवरून तिच्या अंगावर आली होती. मला काय धाड भरलीय, माझा हात धरायला आलीस ती, चल नीघ. दुसऱ्या महिन्यातही दार लावून घेतलं होतं. आणि मग एके दिवशी होडी टेकण्याआधीच ती बाही सरकवून उभी होती. रोसिलीला वाटलं होतं, लळा लागला. त्या संध्याकाळी घरी जाऊन ती नवऱ्याला म्हणाली होती, बघा, चिकाटी ठेवली की माणसं बदलतात.

होडी पुढे सरकली. धुकं पातळ होत होतं. आता एकेक घाट दिसू लागला, आणि प्रत्येक घाटावर कुणी ना कुणी उभं होतं. दुसऱ्या घाटावर दोघी जावा, एकीचा डावा हात उघडा, एकीचा उजवा. तिसऱ्यावर बदकवाला कुञ्ञुमोन, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत गुंडाळून, नांगराच्या दांड्यासारखा दंड पुढे करून. कुणी हाक मारत नव्हतं. पाण्याच्या कडेने उघडे हात नुसते वाट बघत होते, आणि खाली पाण्यात तेच हात उलटे.

हे रोसिलीने दर महिन्याला पाहिलं होतं. पण ते पाहिलं होतं पायरीवर उतरून, एकेक हात धरून, आकडे बघत. होडीत बसून सगळे एकदम कधी पाहिले नव्हते.

"पट्टा पुरत नाही तुमच्या दंडाला," आतिरा कुञ्ञुमोनला म्हणाली. "रोसिली सिस्टर कसं करायच्या?"

"त्या मनगटावर बोटं ठेवून, बरं आहे म्हणायच्या," कुञ्ञुमोन म्हणाला. "मी म्हणायचो, आभारी आहे. तेवढंच असतं आमचं."

आतिरा हसली. ती सकाळपासून पहिल्यांदाच मनापासून हसत होती. पुढच्या घाटाला तिने कुट्टप्पनला काही सांगितलं नाही, आणि कुट्टप्पननेही विचारलं नाही.

निळं दार आलं तेव्हा ऊन पडायला लागलं होतं. विजयम्मा पदराला हात पुसत बाहेर आली. हिनेही बाही सरकवली होती. आतिरा डबीची पिशवी घेऊन तिच्यामागून आत गेली आणि बाकीच्या घरी जेवढा वेळ लागला तेवढ्याच वेळात परत आली. रोसिली मनातल्या मनात ते मोजत होती. ती सवय जाणार नव्हती. आतिराच्या हातात केळीच्या पानाच्या दोन पुड्या होत्या.

विजयम्मा दारात उभी राहून रोसिलीकडे बघत होती. आज रोसिली उतरली नव्हती, म्हणून तिने जेवणाचं विचारलंही नाही. नुसता हात वर केला. रोसिलीनेही केला.

राहिलेले घाट झाले. शेवटच्या घरानंतर बांध संपतो, आणि मोकळं पाणी लागतं. कुट्टप्पनने तिथे बांबू रोवून होडी थांबवली, जशी तो नेहमी थांबवायचा, आणि त्याची पुडी उघडली. वाफेबरोबर कोकमासारख्या कुडंपुळीचा आंबट वास आला. आतिराने तिची उघडली.

"तिकडे पाणी चांगलं भरलेलं होतं, चेट्टा," रोसिली म्हणाली.

"असेल," कुट्टप्पन म्हणाला.

"कधीपासून?"

"पाणी? ते चढतं, उतरतं."

"मी पाण्याबद्दल विचारत नाही."

कुट्टप्पनने माशाचा काटा काढून पाण्यात टाकला. तो बुडत जाईपर्यंत त्याच्याकडे पाहिलं.

"मला पाण्याबद्दलच माहिती आहे, सिस्टर," तो म्हणाला, आणि भाताचा पुढचा घास घेतला.

रोसिली त्याच्या हाताकडे बघत राहिली. पाच बोटांनी कालवलेला भात, तोंडात, पुन्हा पानात. कित्येक वर्षं दर फेरीला तो याच ठिकाणी, हेच अन्न खात होता, आणि ती शेजारी बसून वहीत आकडे लिहीत होती. मळणीची माणसं खात होती. कुञ्ञुमोनच्या घरी बारशाला विजयम्मानेच रांधलं होतं. गेल्या वर्षी कार्त्यायनी अम्मा तापात पडली, तेव्हा आठवडाभर पेज कुठून आली होती, तेही रोसिलीला माहीत होतं. हे सगळं तिने बघितलेलं होतं. बघून दर वेळी तिला बरं वाटलं होतं, की कुणालाही कळलेलं नाही.

"काय चव आहे हो हिच्या हाताला," आतिरा म्हणाली. तिच्या ओठाला तिखट लागलं होतं. "तुमच्यासाठीही आणणार होते. मी म्हटलं, रोसिली सिस्टरना एक द्या. तर म्हणाल्या, नको, सिस्टरांचं पोट नेहमी भरलेलं असतं."

"तसं म्हणाली?"

"हो. हसूनच म्हणाल्या."

होडी जागच्या जागी हलकेच फिरत होती. बांध समोर आला, गेला, पुन्हा समोर आला. ओळीतली घरं आता उन्हात स्वच्छ दिसत होती आणि घाटांवर कुणीच नव्हतं. इतक्या लांबून सगळी दारं सारखी वाटत होती, एक सोडून.

रोसिलीने मांडीवरची पिशवी उचलून बाजूच्या फळीवर ठेवली. ब्लड प्रेशरचं यंत्र, कापूस, वही, सगळं तिच्यातच होतं.

"चेट्टा, होडी फिरवा."

"कुठे?"

"निळ्या दाराला."

कुट्टप्पनने पान दुमडलं. हात पाण्यात बुडवून धुतला. बांबू हातात घेतला, तरी तो लगेच रोवला नाही.

"कडेकडेने?"

"थेट."

आतिराने मान वर करून आधी एकीकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. काही विचारायला तोंड उघडलं आणि त्यात घास घातला.

"पाणी आहे ना तिथे?" रोसिलीने विचारलं.

"आहे की," कुट्टप्पन म्हणाला. "भरपूर आहे."

होडी मोकळ्या पाण्यातून सरळ निघाली. लांब पहिल्या घाटावर कार्त्यायनी अम्मा पंचा पिळत होती. तिने होडी पाहिली, होडीचं तोंड कुठे आहे ते पाहिलं, आणि पंचा पिळायची थांबली. मग होडीच्या टोकाशी उभ्या असलेल्या रोसिलीचे रिकामे हात तिला दिसले असावेत. तिने पंचा झटकला आणि पाठ वळवून दोरीवर घालायला गेली.

विजयम्मा चुलीपाशी होती. पायरीवर पाऊल वाजलं, तसं तिने वळून पाहिलं. आधी चेहरा, मग पिशवी नसलेला खांदा.

"काही राहिलं का, सिस्टर?"

"हो," रोसिली म्हणाली. तिने चपला काढल्या, आणि जिथे बसलेलं सगळ्या घाटांवरून दिसतं, तिथे ओसरीच्या कडेला बसली. "भूक लागलीय."

विजयम्मा तशीच उभी राहिली. हातातला पळा खाली ठेवायचं तिच्या लक्षात आलं नाही.

"भात संपलाय," ती म्हणाली. "पुन्हा टाकायला लागेल. वेळ लागेल."

"थांबते मी," रोसिली म्हणाली.