टिकटिक न करणारी गादी

शपथ घेऊन सांगते, मित्रांनो, अगदी घसा फोडून सांगते! पुढचा शब्द न् शब्द खरा आहे. एक जरी खोटा निघाला, तर उंदरांनी माझी वायर कुरतडून खावी.

मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, उपचाराची. उशीपेक्षा जरा मोठी, निळ्या कापडाची, कोपऱ्यावर कुणाच्या तरी दातांची खूण असलेली. माझ्या पोटात तांब्याच्या तारेची वेटोळी आहेत. सोबतची डबी त्यांच्यात झटक्याझटक्याने वीज सोडते. तेवढ्यापुरती मी लोहचुंबक होते, लगेच पुन्हा साधी गादी, लगेच पुन्हा चुंबक. दुखऱ्या सांध्यांची जनावरं माझ्यावर निजतात. कुणाला बरं वाटतं, कुणाला ढिम्म फरक पडत नाही. मी तापत नाही, वाजत नाही, गुदगुल्याही करत नाही.

कारखान्यात ज्या बाईंनी माझी तार गुंडाळली, त्यांना मोजता मोजता शिंक आली आणि एक वेढा जास्त पडला. म्हणून मी जराशी आगाऊ!

मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे माझी नोकरी सुरू झाली. माझ्यावर कोण कोण झोपलं म्हणून सांगू? लंगडी मांजर झोपली. एका कासवाने तर मान बाहेर काढायलाच तीन दिवस लावले. एका घोड्याच्या गुडघ्याला मला बांधलं, तेव्हा तो असा काही फुरफुरला की मी उडून थेट खिडकीच्या पडद्याला लटकले! सगळे म्हणायचे, "गुणाची गं ही गादी." मग नवी, पांढरीशुभ्र गादी आली आणि मी गेले कपाटावर. दोन वर्षं कुणी धूळसुद्धा झटकली नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

एक दिवस डॉक्टरीणबाईंनी मला खाली काढलं आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांच्या हातात दिलं. त्यांचा कुत्रा हवालदार म्हातारा झाला होता. कमरेचा सांधा झिजलेला, वजन पोत्याएवढं. खाली दुकान आणि वर घर, मधे अकरा पायऱ्या. हवालदार बारा वर्षं आजोबांच्या पलंगाशी झोपलेला. आता त्याला एक पायरी चढवेना, आणि त्याला खाली एकटा टाकून आजोबांना वर झोप येईना. म्हणून तेही जिन्याशी खुर्चीत झोपायचे. त्यांची कंबर पार वाकडी झाली होती.

"गोळ्या वेळेवर, खाणं कमी, रोज थोडं चालणं आणि दोन वेळा वीस-वीस मिनिटं ही गादी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चारही गोष्टी करायच्या, आजोबा. नुसत्या गादीने काही होत नसतं."

आजोबांनी घरी येऊन मला कान लावला.

"ही बंद आहे."

"बाबा, दिवा लागलाय की हिरवा," सूनबाई म्हणाली.

"दिव्याचं काय सांगतेस? टिकटिक कुठाय? साठ वर्षं या धंद्यात आहे मी. जे वाजत नाही, ते चालत नाही."

"मग तुम्ही जेवताना घास वाजत नाही, म्हणजे तुम्ही जेवतच नाही का?"

"माझा वाजतो," आजोबा म्हणाले.

सुनेच्या धाकाने ते रोज हवालदारच्या पाठीवर हात ठेवून माझ्याजवळ बसायचे. पण मन नव्हतं. गोळी विसरायची, फिरणं टाळायचं, आणि सूनबाईची पाठ वळली की खिशातून बिस्कीट! मी सगळं बघत होते, पण मला तोंड कुठे होतं? तीन आठवडे गेले. हवालदार होता तिथेच. "सोमवारी परत देऊन टाकतो ही मुकी बया," आजोबांनी ठरवलं. मी मनात म्हटलं, झालं, पुन्हा कपाट.

पण रविवारी आजोबा दाढी करायला गेले, तर न्हाव्याच्या दुकानाला कुलूप! तिथेच उभ्या उभ्या त्यांनी त्याच्या नावाने खडे फोडले. मग न्हावी आला आणि म्हणाला, "काका, मी वेळेवरच आलोय. तुमचं घड्याळ वीस मिनिटं पुढे आहे."

घड्याळजीचं घड्याळ पुढे! आजोबांचा चेहरा उतरला. दाढी तशीच टाकून ते घरी आले. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, शेजारी छोटं होकायंत्र धरलं. सुई गर्रकन वळली.

"चुंबक शिरलंय यात, म्हणून पळतंय," ते पुटपुटले. "पण आलं कुठून?"

मग त्यांची नजर माझ्याकडे गेली; घड्याळाचा तोच हात रोज माझ्याजवळ असायचा ना! होकायंत्र त्यांनी माझ्यावर धरलं आणि सूनबाईने स्विच दाबला. मित्रांनो, ती सुई अशी थरथरायला लागली, जशी थंडीत कुडकुडतेय!

"अगं, मेली जिवंत आहे की ही! सूनबाई, बघ, बघ!"

"मी काय सांगत होते तीन आठवडे?"

"तू सांगत होतीस. घड्याळाने दाखवलं."

मग काय विचारता! आजोबा मनगटावरचं घड्याळ लांब ठेवून, वीस मिनिटं मोजून बसायला लागले. गोळी ठरल्या वेळी, सकाळ-संध्याकाळ फिरणं, आणि खिशातली बिस्किटं सूनबाईच्या हवाली. हवालदारच्या डोळ्यांत मात्र दिवसभर बिस्किटंच दिसायची!

तीन महिन्यांनी एका दुपारी आजोबा सहज वर गेले. हवालदार माझ्यावरून उठला. अंग झाडलं. एक पायरी, दोन, तीन... अकराच्या अकरा चढला! वरून आजोबांचा नाक ओढल्याचा आवाज आला.

आता मी जिन्याखालीच राहते. रोज कुणीतरी माझ्यावरचे केस झाडतं. मजेत आहे. तेव्हा मित्रांनो, वाजत नाही म्हणून माझ्यासारखीची वायर काढून टाकू नका, आणि घरातल्या म्हाताऱ्या जनावराजवळ रोज वीस मिनिटं बसत जा. मी नसले तरी चालेल. हात हवा.

बरं, उंदरांनो, थांबा, वायर सोडा! सांगते. घोडा खरा, पडदाही खरा. अकरा पायऱ्या तेवढ्या खोट्या. हवालदार दहाव्या पायरीवर बसला, काही केल्या पुढे सरकेना. मग आजोबा एक पायरी खाली उतरले आणि त्याच्या पोटाखाली टॉवेल घालून त्याला वर घेतलं. अजूनही रोज तसंच चालतं. दहा त्याच्या, एक दोघांची.